कांडी भरणारा हात

मागच्या आठवड्यात आर्वीहून एक म्हातारे गृहस्थ गुडघा दाखवायला आले होते. खिडकीशी येऊन त्यांनी फाइल ठेवली आणि माझ्या मागे कोणाला तरी शोधत राहिले. मी विचारलं, "बाबाजी, कोणाले पाहून राहिले?"

"ते पोरगी कुठं गेली वं? नाव पुकारे तं झोपलेला माणूस उठून बसे, ते."

मी सांगितलं, ती आता नाटकात काम करते, एका सिनेमातही केलं आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "करनच. तिले माइक लागतच नव्हता." मग काठी टेकत जाऊन खुर्चीत बसले.

तेव्हापासून रोशनीबद्दल लिहावं असं मनात आहे. मी कुहीच्या शाळेत आणि तिथल्याच कॉलेजात शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. निबंधाच्या वहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, पण ज्या माणसांमुळे मी नागपुरात टिकले त्यांत रोशनी धकाते पहिली, आणि तिचा सिनेमा लागला की सगळेच लिहितील. त्याआधीची रोशनी मी पाहिलेली आहे.

धंतोलीतल्या ज्या हाडांच्या दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बसते, तिथे ती माझ्या वर्षभर आधी लागली होती. मी रुजू झाले तो सोमवार होता. सोमवारी आमच्याकडे वर्धा, भंडारा, यवतमाळ, गडचिरोली सगळीकडून माणसं येतात. एकेका रुग्णासोबत तीन-तीन नातेवाईक, पिशव्या, डबे. माइक बंद होता. तो बहुतेक बंदच असायचा. मला नावं पुकारायला बसवलं. नागपुरात शुद्ध बोलायचं असं मी कुहीहून निघतानाच ठरवलं होतं. मी कागद समोर धरून म्हटलं, "श्री. दशरथ महादेव ठवकर, कृपया तपासणी कक्षात यावे." कोणी हललं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज चिरकला.

शेजारी एक बारीकशी, सावळी मुलगी फाइली लावत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोणाले बोलावून राहिली वं?"

"ठवकरांना."

"ठवकर कागदावर नाही बसले. तिकडे पाय, तिसऱ्या पंख्याखाली, पांढरी टोपी. त्यायले बोलाव."

"तेच ठवकर आहेत हे मला कसं कळणार?"

"आत्ताच तं तुह्या खिडकीवर आले होते. तोंड नाही पाह्यलं त्यायचं?"

मी पाहिलं नव्हतं. आधार कार्डावरचा नंबर उतरवत होते. तिने फाइली बाजूला ठेवल्या, तिसऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठवकर मामाजी, चला. तुमचा नंबर आला." ती ओरडली नाही. समोर बसलेल्या बाईच्या मांडीवरचं झोपलेलं लेकरू हललंसुद्धा नाही. पण तिसऱ्या पंख्याखालची पांढरी टोपी लगेच उठली.

त्या दिवशी डबा खाताना ती मला म्हणाली, "आवाज मोठा नाही करा लागत. कोणापर्यंत जायचं आहे तेवढं माहीत पाहिजे." नाटकात काम करते हे तिने तेव्हा सांगितलं नाही. मला वाटलं, दवाखान्यात काम करून करून आलेलं शहाणपण असेल.

पुढे आम्ही मेडिकल चौकाजवळ एका काकूंच्या वरच्या खोलीत सोबत राहू लागलो, तेव्हा तिच्या सवयी कळल्या. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा ती खिडकीतून खाली पाहायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाही एका माणसाला वळणापर्यंत नजरेने पोहोचवून यायची. पोह्यावर तर्री इतकी घ्यायची की पोहे शोधावे लागत. चपलेचा अंगठा तुटला की स्वतः शिवायची. आणि पाठ करताना तिचा उजवा हात गोल गोल फिरायचा. कोपर अंगाला लावलेलं, मनगट सैल आणि मूठ अर्धी मिटलेली, अदृश्य दांडा धरल्यासारखी. तोंडाने वाक्य, हाताने गोल. वाक्य अडलं की हात थांबे, आठवलं की पुन्हा सुरू.

दवाखान्यातही खिडकी रिकामी असली की हात सुरू. एकदा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी जाता जाता ते पाहिलं. थांबले, परत आले. "खांदा आखडतो का?" त्यांनी विचारलं. "किती दिवसांपासून आहे?"

"लहानपणापासून, सर."

"मग एक्स-रे का नाही काढला?"

"ते दुखणं नाही, सर. ते पाठांतर आहे."

डॉक्टरांनी तिचा खांदा एकदा दाबून पाहिला. मग म्हणाले, "तरी एकदा काढून घ्या."

ते दुखणं नव्हतंच. तिचं घर विणकरांचं. वडिलांच्या हातमागासाठी कांड्या भरण्याचं काम लहानपणापासून तिच्याकडे होतं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची बारीक नळी. डाव्या हातात धागा धरायचा आणि उजव्या हाताने चरखा फिरवत सूत तिच्यावर गुंडाळायचं. शाळेच्या कविता, पाढे, इतिहासातल्या सनावळ्या, सगळं तिने चरख्यावर बसून पाठ केलेलं. "हात चालला नाही तं माह्या तोंडातून शब्द नाही निघत," ती म्हणायची. मला ती गंमत वाटायची. तिच्यासाठी ती गंमत नव्हती, हे पुढे कळलं.

नाटकात ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी गेली, तीही कपड्यांना टीप मारायला. एका हौशी गटाला शिवणकाम येणारी मुलगी हवी होती. एक नटी आजारी पडली आणि हिला उभं केलं. वाक्य एकच होतं, "बाई, पाणी आणू का?" गटाचे सर एका शाळेत चित्रकला शिकवायचे, स्वभावाने तापट. रोशनीने त्यांना विचारलं, "सर, ही पाणी कुठून आणते? नळ घरात आहे का विहिरीवर जा लागते?" सर म्हणाले, "तुला एक वाक्य दिलं आहे, अख्खी पाणीपुरवठा योजना नाही." पण पुढच्या नाटकात त्यांनी तिला दोन पानं दिली. तिच्याच तोंडून ही हकीकत मी किमान दहा वेळा ऐकली असेल. ती सांगताना सरांचा आवाज कधीच काढत नसे.

खरं तर कोणाचाच नाही. आमच्याकडे एक्स-रे काढणारा एक मुलगा होता, त्याला नकलांची भारी हौस. एके दिवशी गडचिरोलीकडची एक आजी आली होती. डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी तिने दारातच वहाणा काढल्या, पुसल्या, काखेत धरल्या आणि मगच आत गेली. तपासणीच्या टेबलावर झोपवलं तरी वहाणा काखेतच. जेवणाच्या सुट्टीत तो मुलगा म्हणाला, "रोशनी, ते वहाणावाली आजी करून दाखव ना. तू तर ॲक्टर आहेस."

"नाही दाखवत."

"भाव खाऊन राहिली का?"

"तिनं वहाणा काहून काखेत धरल्या ते तुले माहीत आहे का?"

"चोरीला जातील म्हणून."

"मलेही नाही माहीत," रोशनी म्हणाली. "माहीत झालं का सांगतो." आणि डबा धुवायला उठली.

आठ-नऊ महिन्यांनी शहरातल्या एका नाट्यस्पर्धेत त्या गटाचं नाटक होतं. चोवीस वर्षांची रोशनी त्यात साठीची आई झाली होती. मुलाच्या नव्या घरी ती पहिल्यांदा येते असा प्रवेश. तोवर मी तिच्यासोबत तालमींना जाऊ लागले होते आणि विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी होते. तिला एकाही शब्दाची आठवण करून द्यावी लागली नाही. ती दारात आली, थांबली, चकचकीत फरशीकडे पाहिलं, वहाणा काढल्या. मग त्या खाली ठेवायला वाकली आणि ठेवू शकली नाही. त्या घरात आपल्या वहाणांना जागा कोणती हेच तिला ठरवता येईना. दोनदा जागा बदलून पाहिली आणि शेवटी त्या पदराने पुसून काखेत धरल्या. सभागृहात कोणी हसलं नाही. समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी स्वतःच्या चपला खुर्चीखाली ओढून घेतल्या, ते मी विंगेतून पाहिलं. एक्स-रेवाला मुलगा पाचव्या रांगेत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी गरम समोसे आणले.

हे सगळं पाहायला तिचे वडील मात्र कधी आले नाहीत. मी तिच्यासोबत उमरेडला गेले तेव्हा मला वाटलं होतं, कडक, नाटकाच्या विरुद्ध असलेला माणूस भेटेल. श्यामराव धकाते तसे मुळीच नव्हते. माग उतरवून त्याचे भाग त्यांनी आढ्याला बांधून ठेवले होते आणि ते स्वतः एका बियाण्याच्या गोदामावर चौकीदारी करत होते. मला चहा देऊन त्यांनी विचारलं, "पोरगी चांगलं करते का वं काम?"

"खूप चांगलं करते, काका."

"तुले समजते त्यातलं?"

मी म्हटलं, "तेवढं नाही समजत."

"मलेही नाही समजत. मंग आपण दोघांनी बोलून काय उपयोग?" ते हसले. मग म्हणाले, "आमच्या धंद्यात लुगडं चांगलं झालं का नाही, ते घरचा माणूस नव्हता सांगत. व्यापारी दुसऱ्यांदा आला, नाव घेऊन म्हणाला का श्यामरावचंच पाहिजे, का समजे. हिलेही तेच सांगतलं. दोन वर्षं घे. कोणी तुहं काम पाहून, नाव घेऊन बोलावलं पाहिजे. नाही तं पवनीचे पाहुणे थांबले आहेत, त्यायले हो म्हण."

आतून भाजी चिरता चिरता रोशनीने विचारलं, "आणि बोलावलं तं?"

"तं मी सोता फोन करून सांगतो त्यायले."

"लक्षात ठेवजा."

"तूच ठेव. पाठांतर तुहं आहे."

पवनीचा मुलगा वाईट नव्हता. कापडाचं दुकान होतं, माणसं साधी होती. लग्नानंतर नाटक नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यात लपवाछपवी नव्हती. म्हणजे रोशनीजवळ दोन वर्षं होती आणि तिला ती पुरेशी वाटत होती. मला वाटत नव्हती. मी मनातल्या मनात महिने मोजायचे. ती तर्री मागून घ्यायची.

पहिलं वर्ष संपताना तिला एका वेब मालिकेत काम मिळालं. नागपुरात दोन दिवस चित्रण होतं, भूमिका घरकामाच्या बाईची. तिथल्या सहायकाने तिला सांगितलं, "थोडं गावठी बोला. लोक हसले पाहिजेत." रोशनीने विचारलं, "ही बाई आज सकाळी घरून काय करून निघाली?" तो म्हणाला, "मॅडम, ती फक्त चहा आणते." तिने चहा आणला. मालिका आली तेव्हा आम्ही काकूंच्या मोबाइलवर पाहिली. चेहरा दिसलाच नाही. ट्रे आला, एक हात दिसला, कप खाली ठेवला गेला आणि झालं. काकूंना वाईट वाटलं, मलाही. रोशनीने ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. "कप ठेवला तं आवाज नाही झाला," ती म्हणाली. "पाह्यलं ना? चांगला ठेवला."

संध्याकाळी उमरेडहून फोन आला. बाबांनी कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं होतं.

"हात तुहाच होता," ते म्हणाले. "ओळखला मी."

"नाव कुठं दिसलं पण," ती म्हणाली.

"तेच तं. नाव नाही दिसलं."

मग दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक दिग्दर्शक आले. विणकरांच्या घरावर चित्रपट करत होते. त्यांच्या सहायकाने ते स्पर्धेतलं नाटक पाहिलं होतं. ते नागपुरात 'ती वहाणा काखेत धरणारी बाई' शोधत फिरले आणि शेवटी आमच्या खिडकीसमोर येऊन उभे राहिले. साठीची बाई असेल अशा समजुतीने आले होते. रोशनीने त्यांना आधी नंबर घ्यायला लावला.

भूमिका विणकराच्या मुलीची होती, मोठी होती. पण मुंबईची एक नटीही त्यांच्या मनात होती. चित्रणाचे पहिले दोन दिवस रोशनीला घेऊन बघू, जमलं तर पुढे, असं ठरलं. तिने घरी फोन केला. बाबांनी एकच विचारलं, "नाव घेऊन बोलावलं का?"

"नाही. 'ते वहाणावाली' म्हणत होते."

"मंग अजून पक्कं नाही."

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "दोन दिवसांनी होईल."

बाबांची दोन वर्षं दिवाळीला संपत होती, आणि दिवाळीला पाच महिने होते.

चित्रण गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत, एका विणकराच्या बंद पडलेल्या घरात होतं. तीन दिवस आधी तिला कपडे घालून पाहायला बोलावलं होतं, मीही गेले. आत माग मांडला होता, दिसायला सुरेख. ती त्यावर बसली, पायाखालची पावडी दाबली आणि लगेच उठली.

"याच्यावर कापड नाही निघत, सर."

"कापड निघायला नकोच आहे," दिग्दर्शक समजावून म्हणाले. "तुम्ही फक्त हात हलवा."

"मागावर बसून खोटा हात हलवला तं माहं बोलणं नाही निघत."

सहायकाने कपाळाला हात लावला. मला मोठ्या डॉक्टरांची आठवण झाली. पण दिग्दर्शकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्या प्रवेशात मुलगी माग चालवत चालवत, आजारी बापाकडे न पाहता त्याला सांगते की हे घर आता आपलं राहिलं नाही. दीड पानाचं बोलणं, एका दमात, एकाच शॉटमध्ये. त्यांनी विचारलं, "कोण बसवून देईल?"

"माहा बाप."

श्यामराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा धोटा आणि मागाची फणी. आल्या आल्या मला म्हणाले, "मी मागासाठी आलो. नाटकासाठी नाही." सगळे धागे काढून नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायला दोन दिवस लागले. गल्लीतले दोन म्हातारे विणकर न बोलावता येऊन बसले आणि तिघं मिळून शूटिंगवाल्यांच्या मागाची यथेच्छ टिंगल करत काम करत राहिले. "हे कोणी बांधलं गा? खाटेची दोरी वाटली का त्याले?" तिसऱ्या दिवशी दुपारी माग बोलू लागला. खट-खट, खट-खट. रोशनी बसली, पाय पावडीवर ठेवले आणि तोंडातल्या तोंडात वाक्यं म्हणू लागली. मी तिच्या वाक्यांची वही धरून बसले होते, ती मिटली.

शॉटला खिडकीतून येणारं चारचं ऊन हवं होतं. ते मिनिटं दहा-बारा टिकायचं. श्यामरावांना कॅमेऱ्याच्या मागे उभं केलं आणि हलू नका, बोलू नका असं बजावलं. त्यांनी मान डोलावली. पोरीचं काम ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

सुरू झालं. धोटा इकडून तिकडे जाऊ लागला आणि रोशनी बोलू लागली. मी ती वाक्यं शंभरदा ऐकली होती. तरी ती त्या बापाला सांगत होती तसं मी कधी ऐकलं नव्हतं. एक पान झालं असेल. तेवढ्यात श्यामराव चालू लागले. कॅमेऱ्याच्या पुढून, उजेडातून, सरळ मागापर्यंत गेले, वाकले, बोटाची टोकं ओठाला लावून ओली केली, ताण्यातला एक तुटलेला धागा उचलला, गाठ मारली आणि म्हणाले, "हं. चालू दे."

कोणाला काही कळेना. मग दिग्दर्शकांनी "कट" म्हटलं. मागे कोणीतरी फसकन हसलं. सहायक तावातावाने पुढे आला, "काका, तुम्हाला सांगितलं होतं ना."

श्यामराव तिथेच उभे होते. आपण काय केलं ते त्यांना आता कळत होतं. "धागा तुटला होता, साहेब," ते म्हणाले. "तुटल्यावर हात थांबत नाही."

हे सांगून कोणाला पटणार होतं? तुटलेल्या धाग्यावरून धोटा पुढे गेला तर कापडात शेवटपर्यंत रेघ राहते. पन्नास वर्षं त्या माणसाने तसं एकदाही होऊ दिलं नव्हतं. पण ऊन भिंतीवर चढून गेलं होतं. सहायक हलक्या आवाजात म्हणत होता, उद्याचा एकच दिवस आहे, बोलणं तुकड्यांत घेऊ, नाहीतर मुंबईला फोन करू. रोशनीला ते ऐकू आलं. मलाही आलं. श्यामरावांनाही आलं असावं, कारण त्यांनी हळूच पोरीला विचारलं, "तुले धागा नव्हता दिसला का?"

"दिसला होता."

"दिसला?"

"तुटला तेव्हाच दिसला."

"मंग थांबली काहून नाही?"

रोशनी मागावर बसूनच होती. तिने वर पाहिलं. "वाक्य सुरू होतं, बाबा."

 ही श्यामरावांचीच पोर. सात वर्षांची असताना मागावरचा धागा तुटला तर जेवणाच्या पाटावरून उठून जोडायला धावायची, असं ते मला उमरेडला कौतुकाने सांगत होते. तिने तुटलेला धागा डोळ्यांनी पाहिला आणि पुढे गेली. त्यांनी नुकत्याच मारलेल्या गाठीवरून बोट फिरवलं. मग दिग्दर्शकांकडे वळले.

"साहेब, पोरीचं काम माह्यानं बिघडलं. हे पुन्हा करता येते का?"

"उद्या चार वाजता," दिग्दर्शक म्हणाले. सहायक काही बोलू पाहत होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. "पूर्ण घेऊ. तुकडे नाही."

दुसऱ्या दिवशी श्यामराव सकाळपासून ताण्याला खळ लावत होते, एकेक धागा बोटांनी तपासत होते. चार वाजता त्यांना कोणी काही सांगायच्या आत ते कॅमेऱ्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. मी त्यांच्या शेजारी बसले.

धोटा सुरू झाला. रोशनी बोलू लागली. दुसऱ्या पानावर पुन्हा एक धागा तुटला. इतक्या दिवसांत मलाही ते दिसायला लागलं होतं, बाकीच्या धाग्यांत एक एकदम सैल पडतो. श्यामरावांचे खांदे वर उचलले गेले. मांडीखालचे हात निघू पाहत होते. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि पोरीच्या तोंडाकडे पाहू लागले. मागाकडे नाही. तिच्या तोंडाकडे. ती सांगत होती की घर गेलं, आणि श्यामराव ते ऐकत होते. शेवटचं वाक्य संपलं. धोटा दोनदा गेला, तीनदा गेला, थांबला.

"कट."

टाळ्या वाजल्या. दिग्दर्शक पुढे जाऊन म्हणाले, "रोशनीताई, उरलेले पंचवीस दिवस सुट्टी काढा." श्यामरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पायरीवरून उठले होते, पण पुढे गेले नाहीत. त्यांनी विचारलं, "साहेब, झालं का तुमचं?"

"झालं, काका."

"पोरीचंही झालं?"

"झालं."

"मंग मी जाऊ का आता?" आणि ते जाऊन धागा जोडून आले.

संध्याकाळी आम्ही त्यांना उमरेडच्या एसटीत बसवायला गेलो. गाडीला वेळ होता. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि आमच्यासमोरच पवनीला फोन केला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण समजत होतं.

"हो, मीच बोलून राहिलो. नाही, नाही जमत. तुमच्यात कमी काही नाही, भाऊ. पोरगी कामात आहे." मग थोडं थांबून, "कुठवर ते मी कसं सांगू? ते तिलेच माहीत."

रोशनीने शेंगदाण्याची पुडी फोडली आणि पहिली मूठ बापाच्या हातात दिली. श्यामराव म्हणाले, "नाव घेऊन बोलला बरं का तो. रोशनीताई म्हणाला."

"ऐकलं तुम्ही? मले वाटलं तुमचं लक्ष धाग्यावर होतं."

"धाग्यावर डोये होते. कान रिकामे होते."

चित्रपट अजून लागलेला नाही. पण त्याच दिग्दर्शकांनी सुचवल्यामुळे पुण्याच्या एका नाटकाने तिला बोलावलं, मुख्य भूमिकेसाठी, नाव घेऊन. दिवाळीआधीच. जायच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात ओळखपत्र परत करायला आली. सोमवारच होता. तिने सगळ्यांच्या खिडक्यांवर जाऊन निरोप घेतला. मोठे डॉक्टर खांद्याकडे पाहत म्हणाले, "एक्स-रे राहिलाच तुमचा." एक्स-रेवाल्या मुलाने समोसे आणले होते. माझ्याजवळ आली तेव्हा माझ्या हातात पुढच्या रुग्णाचा कागद होता. तिने समोरच्या गर्दीकडे हनुवटीने खूण केली. "कुठं बसली आहे ते?"

"खांबाजवळ," मी म्हटलं. "हिरवं लुगडं, पायाले पट्टी. सोबत पोरगा आहे."

"मंग झालं. येतो."

ती गेली. मी हिरव्या लुगड्याला बोलावलं, फाइल आत पाठवली, आणि तेव्हा लक्षात आलं की तिच्या पाण्याची बाटली माझ्या खिडकीतच राहिली आहे. ती घेऊन मी दारापर्यंत धावले. रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या छपराखाली ती ऑटोची वाट पाहत उभी होती. मध्ये रुग्णवाहिका, हातगाड्या, डबे घेऊन चाललेली माणसं. एवढ्या गोंगाटातूनही मी तिच्यापर्यंत पोहोचले असते. ते तिनेच मला शिकवलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

ती कुठेच पाहत नव्हती. ओठ हलत होते. कोपर अंगाला लावलेलं, मनगट सैल, आणि उजवा हात गोल गोल फिरत होता.

मी हाक मारली नाही. बाटली घेऊन आत आले आणि पुढचा कागद उचलला.